भंगार कोणाला म्हणता?

गेल्या साली माझी पंचाहत्तरी झाली तेव्हा माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी मोठ्या प्रेमाने मला भिंतीवरचे एक घड्याळ भेट दिले. प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कागद सोडून पाहतो तो काय, घड्याळाची तबकडी ही खरोखरीचीच तबकडी होती! एक लाँग प्ले रेकॉर्ड. मधल्या भोकातून काटे बाहेर काढलेले, कडेला बारा, तीन, सहा, नऊ असे सोनेरी आकडे डकवलेले, आणि लेबलावर ‘सरांना सप्रेम’ अशी छापील चिकटपट्टी. ‘सर, तुम्हाला जुन्या गाण्यांची आवड, म्हणून मुद्दाम शोधून आणले,’ असे त्यांपैकी एक जण म्हणाला. मी आभार मानले, सर्वांना चहा पाजला, आणि मंडळी गेल्यावर ते घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवून दिले.

एखाद्याला वाचनाची आवड आहे म्हणून ज्ञानेश्वरीची पाने डकवून केलेला दिव्याचा पडदा त्याला भेट द्यावा, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, ज्ञानेश्वरीच्या बाबतीत असे करावयास कोणीही धजणार नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र धजतात, आणि वर त्याला रसिकता म्हणतात. मला भांडावयाचे आहे ते या रसिकतेशी. विद्यार्थ्यांशी नव्हे, त्यांना पदार्थविज्ञान मीच शिकवले होते, तेव्हा दोषाचा पहिला वाटा माझाच आहे. आणि पुढे सांगणार आहे त्या कारणाने तो वाटा बराच मोठाही आहे.

माझे वडील कोल्हापुरात वकिली करीत. १९७२ साली त्यांनी मुंबईहून एक स्टिरिओ आणला. टर्नटेबल गॅरार्ड बनावटीचा, म्हणजे इंग्लंडातल्या स्विंडन गावचा; अ‍ॅम्प्लिफायर मुंबईच्या एका लहानशा कारखान्याचा; स्पीकरची खोकी मात्र आमच्या मंगळवार पेठेतल्या सुताराने सागवानी फळीची करून दिलेली. टर्नटेबलाला चार गतींचा खटका होता : १६, ३३, ४५ आणि ७८. त्यांतल्या १६ वर काय वाजवायचे हे वडिलांनाही ठाऊक नव्हते. ‘असू दे, कधी तरी लागेल,’ असे ते म्हणत. स्टिरिओपेक्षाही मोलाची अशी दोन लाकडी खोकी घरात होती. त्यांत ७८ गतीच्या, लाखेच्या जुन्या तबकड्या होत्या. बऱ्याचशा आमच्या गावाने ज्यांना डोक्यावर घेतले त्या गवयांच्या आणि गायिकांच्या. आणि एक माझ्या आईच्या आत्याची. ही आत्या तरुणपणी मुंबईस जाऊन दोन चिजा गाऊन आली होती. दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटांचे गाणे. पुढे तिने संसार केला, गाणे सोडले. मी तिला पाहिले ते पांढऱ्या केसांची, दळण निवडणारी म्हातारी म्हणून. तरुणपणीचा आवाज मी फक्त त्या तबकडीतून ऐकला.

नव्वदीनंतर केव्हा तरी आमचा स्टिरिओ मंदावला. गाणे उतरू लागले. मध्यलयीतली चीज विलंबितात जाऊ लागली आणि बाईंचा आवाज बुवांसारखा येऊ लागला. एका बाजूच्या स्पीकरातून भुंगा अडकल्यासारखी गुणगुण सुरू झाली. मी ते धूड रिक्षात घालून गावातल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने त्याच्यावरचे झाकणदेखील उचलले नाही. ‘सर, याचे पार्ट येत नाहीत. द्या टाकून. एक्स्चेंजमध्ये नवी सिस्टिम घ्या.’ मी नवी सिस्टिम घेतली. जुना टर्नटेबल माळ्यावर गेला. आणि वाजवायला यंत्रच नाही तर त्या जड, ठिसूळ तबकड्या कशाला, असा शहाणा विचार करून मी ती दोन्ही खोकी रद्दीवाल्याला दिली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या, स्वतःला गाण्यातले कळते असे समजणाऱ्या माणसाने हे केले. आई तेव्हा हयात होती. तिने काही म्हटले नाही. ‘आत्याची ठेवलीस ना?’ एवढेच विचारले, आणि मी काही उत्तर दिले नाही.

हे मी सांगतो आहे ते कबुलीजबाबाची हौस म्हणून नव्हे. ‘हल्ली फोनवर सगळे मिळते’ हे वाक्य मला दिवसातून एकदा तरी ऐकवले जाते, आणि ते वाक्य खोटे आहे हे मला माझ्या घरच्या उदाहरणाने ठाऊक आहे. आत्याचे गाणे फोनवर मिळत नाही. गेली पंधरा वर्षे मी शोधतो आहे. फोनवर मिळते ते कोणी तरी तबकडी जपली, कोणी तरी यंत्र चालते ठेवले आणि कोणी तरी खपून ते गाणे उतरवून घेतले म्हणून. या तीन ‘कोणी तरीं’पैकी मधला माणूस गेला की पहिल्याला आपण रद्दीवाल्याकडे धाडतो आणि तिसऱ्याला कामच उरत नाही. मी नेमके हेच केले.

कोल्हापूरकरांना तर या बाबतीत बेफिकीर राहण्याचा अधिकारच नाही. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी या गावात राहिले, येथे गायले, येथे त्यांनी शिष्य तयार केले. १९०२ साली कलकत्त्यास हिंदी गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले आणि खाँसाहेब वारले १९४६ साली. मधली चव्वेचाळीस वर्षे यंत्र उपलब्ध होते. तरीही खाँसाहेबांचे एकही ध्वनिमुद्रण आज नाही. ज्या गायकीच्या नावाने आपण छाती काढून चालतो, तिच्या मूळपुरुषाचा आवाज कसा होता हे आज हयात असलेल्या जवळजवळ कोणालाच सांगता येणार नाही. जे राहिले ते शिष्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत आणि पुढच्या लाँग प्ले रेकॉर्डांत. मूळ गेले, त्यास इलाज नाही. पण जे उरले त्याचीही आपण घड्याळे करून भिंतीला लावावीत?

असो. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी माळ्यावरचे यंत्र खाली काढले आणि चौकशी करीत करीत लक्ष्मीपुरीतल्या एका वृद्ध मेस्त्रींकडे पोचलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी थाळी उचलली, खालच्या तरफा बोटाने हलवून पाहिल्या आणि म्हणाले, ‘सर, ह्ये मेलेलं न्हाई वो. नुस्तं आखडलंय.’

निदान शब्दशः खरे होते. चाळीस वर्षांपूर्वीचे ग्रीस वाळून डिंकासारखे झाले होते आणि सर्व तरफा एकमेकींना धरून बसल्या होत्या. ते सारे स्पिरिटने धुऊन काढणे, धुरेत शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब सोडणे, मोटरच्या दोन्ही टोकांच्या बुशांना एकेक थेंब पाजणे, एवढ्यात निम्मा रोग गेला. उरलेला निम्मा रबरी चाकात होता. या जातीच्या यंत्रात मोटरच्या कण्यावर पायऱ्यापायऱ्यांची एक लहानशी कप्पी असते. ती एका रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून थाळी फिरवते. आमच्या यंत्रातले चाक काचेसारखे कडक आणि गुळगुळीत झाले होते. ते निसटत होते, म्हणून गाणे उतरत होते. शिवाय वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिल्याने त्याला एक चपटा खड्डा पडला होता, म्हणून प्रत्येक फेऱ्यात धप्‌ धप्‌ असा आवाज. अशी यंत्रे वापरणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो : गाणे संपले की खटका बंद जागेवर आणा, म्हणजे चाक मोकळे होते. यंत्र चालू ठेवून भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. आणि त्या चाकाला तेल कधीही देऊ नका. मी लोकांना देताना पाहिले आहे.

आता ‘पार्ट येत नाही’ या मंत्राकडे वळू. मेस्त्रींनी ते चाक माझ्या हातात ठेवले आणि मला शिवाजी उद्यमनगरात पाठवले. तिथल्या एका लेथवाल्याने चाक फिरवून पाहिले आणि विचारले, ‘व्यास किती पायजे?’ मी म्हटले, व्यासाचे मनावर घेऊ नका, गोल मात्र शंभर टक्के हवे. तो माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहू लागला. परंतु गोष्ट खरी आहे. थाळीची गती ठरते ती कप्पीच्या आणि थाळीच्या कडेच्या प्रमाणावरून. मधले चाक हे नुसते निरोप्याचे काम करते. ते थोडे लहान-मोठे झाले तरी गती बदलत नाही. पण त्याची गोलाई सुताएवढीही चुकली की भैरवी झोके खाऊ लागते. हे मी त्याला खडूने जमिनीवर आकृती काढून समजावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत असा उजेड पडलेला मी क्वचितच पाहिला असेल. त्याने जुने रबर काढले, नवे चढवून घेतले, लेथवर घासून काढले आणि दोनशे रुपये मागितले. जो भाग साऱ्या जगात ‘येत नाही’ तो माझ्या घरापासून सायकलीच्या अंतरावर तयार झाला.

याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला, आणि त्याच्या जोरावर १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. भाग येत नाही म्हणून ते स्वस्थ बसले असते तर? त्यांच्या गावातला दुकानदार आज झाकण न उचलता ‘पार्ट येत नाही’ म्हणतो, आणि आम्ही शिकलेली माणसे मान डोलावून नवी सिस्टिम उचलून घरी येतो.

गती बरोबर झाली की नाही हे तपासण्याची युक्तीही सांगून ठेवतो. पुठ्ठ्याची एक चकती कापून तिच्या कडेने सारख्या अंतरावर १८० काळ्या रेघा ओढाव्या आणि ती थाळीवर ठेवावी. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून तिच्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. थाळी नेमकी ३३⅓ ने फिरत असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. पण हल्लीच्या चांगल्या एल.ई.डी. दिव्यांत हे लुकलुकणे पुष्कळदा उरलेलेच नसते. आमच्या घरात सगळे दिवे तसलेच. तेव्हा मेस्त्रींनी खिशातला टेस्टर काढून सॉकेटात खुपसला, खोलीत अंधार करावयास लावले आणि एक्स्टेन्शन बोर्ड चकतीजवळ धरला. टेस्टरमधल्या निऑनच्या त्या लालसर ठिणगीत रेघा हळूहळू थांबल्या. महागड्या उपकरणांनी हे होते हे मला ठाऊक होते. वीस रुपयांच्या टेस्टरने होते, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

अ‍ॅम्प्लिफायरची कथा लांबवीत नाही. गुणगुण दोन जातीची असते. वायरीची जोडणी ढिली असली की ५० कंपनांची, आणि विजेचा प्रवाह सपाट करणारे कंडेन्सर वाळले की १०० कंपनांची. कान तयार असेल तर नुसते ऐकून ओळखता येते. आमची दुसरी होती. चाळीस वर्षांत कंडेन्सरातला ओलावा आटतो, हा कोणाचा अपराध नव्हे. मेस्त्रींनी ते बदलले. एका बाजूचा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गेलेला होता. त्याची जोडी त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निघाली. साठ-सत्तरच्या काळात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर या देशात बनवले होते. तो डबा म्हणजे त्या काळाचे लहानसे संग्रहालयच होते. प्रत्येक डाग देताना मेस्त्री श्वास रोखीत आणि डाग चमकला की सोडीत. सारा खर्च दोन हजारांच्या आत.

येथे माझ्याच पंथातले काही जण माझ्यावर तुटून पडतात. ते संग्राहक आहेत. त्यांचे म्हणणे असे की, कंडेन्सर बदलले, चाकाचे रबर बदलले, म्हणजे यंत्र ‘ओरिजिनल’ राहिले नाही. त्याची किंमत गेली. यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात यंत्रे असतात आणि त्यांतले एकही वाजत नाही. या मंडळींना मी विचारतो, तंबोऱ्याच्या तारा बदलल्या म्हणजे तंबोरा खोटा होतो काय? येथून जवळच मिरजेस जाऊन पाहा. तेथे घोडीला कानसीने घासून जवारी काढणारा कारागीर बसलेला असतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या, त्या योग्यच होत्या. पण जवारी काढणारा तो कलावंत आणि कंडेन्सर बदलणारा तो ‘रिपेअरवाला’, हा भेद कोणी केला? एक जण सूर निघतो तिथे हात लावतो, दुसरा सूर पोचतो तिथे. लक्ष्मीपुरीतल्या त्या जिन्याखाली बसलेल्या माणसाचा सत्कार करावा असे आजवर कोणाच्याही मनात आलेले नाही.

मेस्त्रीवर्गालाही मी सोडणार नाही. ट्रान्झिस्टर किंवा आय.सी. बसवला की त्याच्यावरचा नंबर ब्लेडने खरवडून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाला दुरुस्ती करता येऊ नये, ही चाल या धंद्यात सर्रास होती. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच असे दोन खरवडलेले भाग निघाले. जुने काही गवई अस्थायी शिकवीत आणि अंतरा राखून ठेवीत, असे आपण ऐकतो. तसलेच हे. अंतरे त्यांच्याबरोबर गेले. आणि हे नंबर खरवडणारेही आपली विद्या बरोबर घेऊन चालले आहेत. आमचे मेस्त्री याला अपवाद. मी विचारले तर म्हणाले, ‘लपवून काय करू सर? शिकायला येतंय कोण?’

येतंय कोण, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर ‘सरकारने काही करावे’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. सरकारने काही केलेही. २०२२ सालच्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माहितीचे एक संकेतस्थळही सुरू झाले. स्तुत्य गोष्ट आहे. पण माल विकणाऱ्याने त्याचा नकाशा, म्हणजे सर्किट, ग्राहकाला द्यावे ही साधी गोष्ट कोणे एके काळी मागावी लागत नसे. आमच्या वडिलांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या तळाला आतून सर्किटचा कागद चिकटवलेला आहे. तो पिवळा पडला आहे, एका कोपऱ्यावर झुरळाने आपला हक्क बजावला आहे, पण त्याच्या आधारे मेस्त्रींनी अर्ध्या तासात रोग शोधला. आणि एका भाच्याने हौसेने घेतलेला सूटकेसमधला नवा रेकॉर्ड प्लेअर दोन वर्षांत बंद पडला, तेव्हा त्याला उघडण्यासाठी एक स्क्रूसुद्धा सापडला नाही. सारे चिकटवलेले.

या संदर्भात एक गोष्ट सांगतो; ती सर्वांनी अर्धीच ऐकलेली असते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक रेकॉर्ड आहे आणि तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, म्हणजे एका परीने आमच्या कोल्हापूरचाच सूर तारामंडळात गेला. पण पुढची अर्धी गोष्ट अशी : त्या रेकॉर्डबरोबर त्या लोकांनी पिकअप आणि सुईही पाठवली आहे. आणि वेष्टनावर चित्रे कोरली आहेत. सुई कोठे ठेवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, सारे काही. कोठल्या तरी अज्ञात ग्रहावरच्या अज्ञात प्राण्याला दुरुस्तीवाला मिळणार नाही, पार्ट येणार नाहीत, हे त्यांनी ध्यानात घेतले. आपल्या घरातल्या नातवंडांसाठी आपण एवढेही करीत नाही. त्या रेकॉर्डची गती आहे मिनिटाला १६⅔ फेरे. वडिलांच्या खटक्यावरचा १६ चा आकडा कशासाठी होता हे मला तेव्हा कळले, असे मी थट्टेने म्हणतो.

‘हे सारे गतकाळाचे उमाळे आहेत,’ असा शेवटचा आक्षेप माझा मुलगा घेतो. त्याला मी सांगतो की, मला गतकाळाचे मुळीच प्रेम नाही. त्या काळी क्रिस्टलचे पिकअप असत. त्यांतले रोशेल क्षाराचे स्फटिक आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कामातून जात. लोक पिन उडते म्हणून तिच्यावर पाच पैशांचे चौकोनी नाणे चिकटवीत आणि रेकॉर्डचा कीस काढीत. (ती हलकी ठेवली तरी नुकसानच, नीट न टेकलेली सुई उड्या मारीत भिंती फोडते. दोन ग्रॅमची असेल तर दोनच ग्रॅम हवे.) ७८ च्या पोलादी सुया प्रत्येक बाजूला बदलायच्या असत, तर एका सुईवर सारा संसार चालवणारी घरे मी पाहिली आहेत. फोनमधला आवाज स्वच्छ असतो हे मी मान्य करतो. माझ्याही खिशात फोन आहे. पण त्याच फोनवर ७८ च्या जुन्या तबकड्या उतरवून घातलेल्या ऐका. कोणी त्या लाँग प्लेच्या सुईने वाजवलेल्या असतात. ती सुई टोकाशी १८ मायक्रॉनची, आणि खाच तिच्या तिपटीहून रुंद सुईसाठी कापलेली. म्हणजे ती तळाच्या कचऱ्यात लोळते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त उचलते. शिवाय सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ वर घेतलेल्या असतच असे नाही. गती चुकली की पट्टी चढते, आणि काळी दोनमध्ये गाणारी बाई काळी तीनमध्ये किंचाळू लागते. मग तरुण गायिका ते ऐकून म्हणते, पूर्वीच्या बाया फार चढ्या गात बुवा! चुकीच्या यंत्राने इतिहासच चुकतो.

२०१९ सालच्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी आमच्या शाहूपुरीत शिरले तेव्हा मी कागदपत्रांच्या आधी टर्नटेबल वरच्या मजल्यावर नेला, याबद्दल घरात अजून बोलणी खातो. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला गाद्या, पुस्तके, फ्रीज आणि रेकॉर्डी यांचे ढीग पडले. एका स्नेह्यांच्या पन्नासेक रेकॉर्डी चिखलात भिजल्या होत्या आणि त्या ढिगाकडे निघाल्या होत्या. मी आणि मेस्त्री मध्ये पडलो. चार दिवस गच्चीवर आम्ही त्या धूत होतो. पाणी बॅटरीत घालतात ते. त्यात साध्या साबणाचे दोन थेंब. लेबलावर पाणी येऊ न देता, खाचांच्या दिशेने मऊ ब्रश. प्लॅस्टिकच्या रेकॉर्डींचे असे भागले. लाखेच्या ७८ होत्या त्यांना मात्र स्पिरिटचे बोटही लावू दिले नाही, कारण लाख स्पिरिटात विरघळते. हे ठाऊक नसलेल्या एका उत्साही गृहस्थाने शेजारच्या गल्लीत तीन तबकड्या चकचकीत करण्याच्या नादात सपाट करून टाकल्या. पन्नासांतल्या बेचाळीस वाजल्या. पाकिटे सारी गेली.

त्या धुण्याचा अनुभव गाठीशी होता म्हणून गेल्या पावसाळ्यात मी ते घड्याळ पुन्हा हातात घेतले. मागचे यंत्र काढले. सोनेरी आकडे सुटले, गोंद मात्र सारा सुटला नाही. ‘सरांना सप्रेम’ ही पट्टी काढताना तिच्याबरोबर लेबलाचा कागदही सोलून आला आणि गाणारीचे नाव त्यात गेले. भोक काट्यांसाठी थोडे वाढवलेले. ती तबकडी थाळीवर मधोमध बसवावयास मला आणि मेस्त्रींना पाऊण तास लागला. मग सुई टेकवली.

कडेच्या पहिल्या चिजेत जिथे जिथे आकडे होते तिथे तिथे सुई गोंदावर ठेचकाळते. एका फेऱ्यात चार, म्हणजे मिनिटाला १३३ ठोके. दुसऱ्या चिजेपासून आवाज स्वच्छ आहे. बाई कोण ते मला ओळखता आले नाही. मेस्त्री म्हणतात, तान जयपूरची हाय. लेबलाच्या कडेला गुळगुळीत भागात कारखान्याने कोरलेले आकडे अजून वाचता येतात. ते मी वहीत उतरवून घेतले आहेत आणि चार ठिकाणी पत्रे पाठवली आहेत. उत्तर आलेले नाही. ज्यांचा कान या गायकीत मुरलेला आहे अशांनी सवडीने येऊन ऐकावे. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो, आणि यंत्र चालू स्थितीत आहे.